गाडीची पोथी

नाक मुरडण्यात पल्लवीचा हात कुणी धरला नसता. जत तालुक्याच्या कोरड्या मुलखात तिच्या आज्यानं जन्मभर मेंढरं राखली, त्या घरात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली ती पहिलीच. ही गोष्ट ती स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे. एवढं शिकून तिच्या वाट्याला आली ती सम्मेद मगदूमची 'निर्मळ क्लीनिंग सर्व्हिसेस'. सांगलीत विश्रामबागेत सम्मेदच्या घराखालीच ऑफिस, ऑफिसला लागून रसायनांचे कॅन ठेवायची खोली आणि दारात एक पांढरी ईको गाडी. कारखान्यांच्या फरशा, दवाखान्यांचे संडास, कॉलेजांच्या टाक्या, जे म्हणाल ते धुऊन देणं हा धंदा. गाडी चालवायला बिराप्पा, म्हणजे पल्लवीचा सख्खा चुलता. त्यानंच मालकाकडं शब्द टाकून तिला तिथं चिकटवलं होतं. त्याबद्दल तिनं त्याला अजून माफ केलेलं नव्हतं.

गाडीत कोणतं रसायन आहे, ते अंगावर उडालं तर काय करायचं, कशात काय मिसळायचं नाही, हे सांगणारा एकेक कागद प्रत्येक कॅनमागे गाडीत असावा लागतो. सेफ्टी शीट किंवा एमएसडीएस म्हणतात त्याला. निर्मळच्या गाडीतही हे कागद होतेच. काही सीटच्या खिशात सुरळी होऊन पडलेले, काही फिनेल पिऊन फुगलेले, एक तर काच पुसून पुसून जाळीदार झालेला. गुंडा नावाच्या कामगाराच्या तळहाताची कातडी एकदा निळ्या कॅनमधल्या कॉस्टिकनं सोलून निघाली, तेव्हा त्यानं वर टूथपेस्ट चोपडली होती. त्या कॉस्टिकचा कागद त्या वेळी त्याच गाडीत होता. पुढच्या सीटवर पसरलेला, आणि बिराप्पा त्याच्यावर भडंग खात होता.

सांगलीत हे कुणी विचारत नव्हतं. शिरवळच्या एका औषधांच्या कारखान्यानं मात्र विचारलं आणि गाडी फाटकातूनच परतवून लावली. तिथला सेफ्टी ऑफिसर शिवतेज पिसाळ हा तरणाताठा गडी. डोक्यावर पांढरं हेल्मेट, अंगात चकाकणारं जाकीट आणि हातात कायम टॅब. भडंगाचा तो तेलकट कागद त्यानं दोन बोटांत धरून उचलला.

"हे काय आहे?"

"शेंगदानं हाईत साहेब त्यात," बिराप्पा अदबीनं म्हणाला. "घ्या की."

पल्लवीनं मान दुसरीकडं वळवली. हा माणूस आपला चुलता आहे हे पिसाळला माहीत नसावं, एवढीच तिची त्या क्षणी देवाकडं मागणी होती.

पिसाळ मात्र तिच्याशी नीट बोलला. म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी प्रत्येक कॅनचा कागद मराठीत पाहिजे, गाडीत पाहिजे, आणि वेळ आली तर ड्रायव्हरला काढता आला पाहिजे. मी त्यालाच विचारणार, तुम्हाला नाही." आणि मग आवाज खाली आणून, "आमच्याकडे सेफ्टी असिस्टंटची जागा निघतेय. गाडीचं हे काम तुम्ही नीट करून दाखवलंत तर तुमचं नाव मी वर पाठवतो."

गाडी परतीच्या वाटेला लागली. चकाकणारं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, स्वतःचं टेबल आणि अंगाला फिनेलचा वास नाही, असं सगळं तिला समोरच्या काचेत दिसायला लागलं होतं. मधे अडचण होती ती एकच, आणि ती शेजारी बसून स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत गाडी चालवत होती.

फाईल तिनं फक्कड केली, यात वाद नाही. इंग्रजी कागदांचं साध्या मराठीत भाषांतर केलं, अक्षर ठसठशीत ठेवलं, पानं प्लॅस्टिकच्या पाकिटांत सरकवली. कॅनच्या झाकणाचा जो रंग, त्याच रंगाची पट्टी त्या पानाला. निळ्या कॅनला निळी, लाल कॅनला लाल. चौथी शिकलेल्या माणसालाही जमावं असं. पण हे सगळं चौथी शिकलेल्या माणसाला समजावून सांगावं, असं मात्र तिच्या मनात आलं नाही. ती गाडीपाशी गेली आणि बोनेट पुसत असलेल्या बिराप्पाच्या पुढ्यात फाईल आपटली.

"घ्या आप्पा, पोथी आली तुमची. वाचा रोज, पुण्य लागंल."

आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हसून ती ऑफिसात निघून गेली.

बिराप्पाला टोमणा कळत नसे. कळत नसे म्हणजे, बोलणाऱ्यानं एक म्हणावं आणि मनात दुसरंच धरावं, एवढी उठाठेव माणूस करत असेल हेच त्याला पटत नसे. पोथी म्हणाली, म्हणजे पोथी असणार. शिकलेली पोरगी आहे, उगीच कशाला म्हणेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्मेदची आई चंदनबाला, जिला सगळे अक्का म्हणत, बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन परत आली. अंगणात पापड घालायचे म्हणून गाडी मागं घे, असं सांगायला ती गाडीशी गेली. पल्लवी ऑफिसच्या खिडकीत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"हे काय रे बिराप्पा, ह्या पोछ्याखाली?"

"पोथी हाय अक्का. गाडीची."

"पोथी?" अक्काचा आवाज चढला. "पोथी आहे आणि तिच्यावर ओला पोछा टाकलास? उघडी ठेवलीस? आणि पायाशी?"

"मला काय म्हाईत न्हवतं..."

"आमच्यात शास्त्र असं ठेवतात काय? वेष्टनाशिवाय शास्त्राला कुणी बोट लावत नाही. थांब तू. हात लावू नकोस, तुझे हात बघ कसे आहेत."

खिडकीत पल्लवीला हसू आवरेना. एक शब्द बोलली असती तर तिथंच मिटलं असतं. अक्का, ती पोथी नाही, संडास धुवायच्या अ‍ॅसिडचे कागद आहेत. पण हा तमाशा फुकट बघायला मिळत होता. दोन अडाणी माणसं कॉस्टिक सोड्याचा मान राखतायत, बघूया तरी कुठवर जातात. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि गप्प राहिली.

ते बरंच दूरवर गेलं. अक्कानं लाल सुती कापडाचं वेष्टन शिवलं. त्याला लांब नाडी लावली, फाईलला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि डॅशबोर्डवर, समोरच्या काचेखाली, बिरोबाच्या फोटोशेजारी एक फळी ठोकून घेऊन तिच्यावर ती ठेवली. नियमही घालून दिले. पायात वहाण असताना हात लावायचा नाही. हात धुतल्याशिवाय सोडायची नाही. जमिनीवर ठेवायची नाही. आणि हात धुवायला भलतंसलतं पाणी नको, म्हणून स्वतःच्या हातानं फडक्यातून गाळलेल्या पाण्याचा एक कॅन ड्रायव्हरच्या सीटमागं. त्यातलं पाणी प्यायचं नाही, दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. रोज सकाळी अक्का स्वतः ते बदलणार.

हे पाहिल्यावर मात्र पल्लवीचं हसू गेलं. ती तडक सम्मेदकडं गेली.

"सर, ते कापड काढायला सांगा. पिसाळसाहेब बघतील तर काय म्हणतील?"

सम्मेद फोनमध्ये डोकं घालून होता. "अक्कानं बांधलंय ना?"

"म्हणून काय झालं? ती सेफ्टी फाईल आहे. इमर्जन्सीत गाठी सोडत बसायचं का?"

"मग तू सांग जा अक्काला."

"तुमची आई आहे, सर."

"म्हणूनच तर." त्यानं मान वर केली. "हे बघ, पल्लवी, मला घरात जेवायचं असतं. तुझं जेवण कुठं असतंय?"

ती बाहेर आली. पंधरा माणसं हाताखाली ठेवणारा मालक, आणि आईपुढं एक लाल फडकं काढायची छाती नाही. तिनं त्यालाही आपल्या मनातल्या अडाण्यांच्या यादीत घातलं. ती यादी लांबत चालली होती, आणि तिच्या बाहेर राहिलेलं एकच नाव होतं, तिचं स्वतःचं.

दुपारी तिनं गाठ सोडून कापड काढलं. संध्याकाळी परत बांधलेलं. पुन्हा काढलं, पुन्हा बांधलेलं, आणि या खेपेला गाठ अशी की नखांनी सुटेना.

शिरवळला जायचा दिवस उजाडला. कराड ओलांडायच्या आधी मलकापुरात बिराप्पा चहाला थांबला. तो टपरीकडं वळलेला बघून पल्लवीनं डाव साधला. दातांनी नाडी ओढली, गाठ सैल केली, कापड खसकन काढून सीटखाली कोंबलं. लखलखीत फाईल फळीवर उभी राहिली. रंगीत पट्ट्या काचेतून ओळीनं दिसायला लागल्या. कशी शिकलेल्या माणसाची वाटत होती!

बिराप्पा चहाचे दोन कागदी कप घेऊन आला आणि दारातच थबकला.

"पल्ले, वस्त्र कुठं गेलं?"

"आप्पा, आज राहू द्या. आज साहेब बघणारायत."

"मग तर पायजेच की. साहेबापुढं उघडी न्हेऊ व्हय?"

"अहो, ती पोथी नाही!" ती ओरडली. टपरीवरच्या लोकांनी वळून बघितलं. "कागद आहेत ते! अ‍ॅसिडचे! मी चेष्टा केली होती!"

बिराप्पानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, लहान पोराला ताप चढलाय का बघतात तसं. "परीक्षेच्या टायमाला असंच हुतंय तुझं," तो म्हणाला. "धावीला बी रडलीवतीस." त्यानं तिच्या हातात कप दिला, वाकून सीटखालचं कापड काढलं, मागच्या कॅनमधून हात धुतले आणि फाईल बांधून टाकली. बांधताना जीभ दातांत धरली होती, अक्कानं दाखवलेली गाठ आठवावी म्हणून.

पल्लवीनं चहा तसाच रस्त्यावर ओतला. पुढचा सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत राहिली. जागा गेली, हे तिला दिसतच होतं. आता फक्त किती माणसांसमोर हसं होतंय, एवढाच प्रश्न होता.

फाटकाशी पिसाळ उभाच होता. त्यानं कॅन मोजले नाहीत, फाईलही मागितली नाही. घड्याळाकडं बघून एकदम म्हणाला, "ड्रायव्हर! निळा कॅन फुटला. तुमच्या हातावर सांडलं. चला, पुढं काय?"

बिराप्पानं आपल्या हाताकडं बघितलं. हात कोरडा होता. त्यानं पल्लवीकडं बघितलं.

"तिच्याकडे नाही," पिसाळ म्हणाला. "तिला काही विचारायचं नाही. तुम्ही काय करणार ते करा. कागद काढायचाय, एवढं सांगतो."

"पोथी काढू?"

"काढा."

पोथी म्हटल्यावर बिराप्पाचा जीव भांड्यात पडला. ते त्याला येत होतं. तो गाडीतून खाली उतरला. आधी चपला काढून दूर सारल्या. सीटमागचा गाळलेल्या पाण्याचा कॅन ओढला, तोटी सोडली आणि हात धुवायला लागला. अक्कानं सांगितल्याप्रमाणं, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. धुतोय आपला धुतोय. पाणी सिमेंटवरून ओघळत पिसाळच्या बुटांपर्यंत आलं. पल्लवीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. फाटकावरचे दोन सिक्युरिटीवाले बघत होते. पिसाळ टॅबवर भराभरा टाईप करत होता. नक्कीच 'नापास' लिहीत असणार, पण एवढं काय लिहायचंय एका शब्दाला?

हात झटकून वाळवल्यावर बिराप्पानं फाईल दोन्ही हातांनी उतरवली. नाडी एका हिसक्यात सुटली. त्या गाठीची करामत तीच होती, माहीत असलेल्याला एका ओढीत सुटायची. फाईल त्यानं कपाळाला लावली. पिसाळ त्या वेळी खाली बघत होता, ही देवाचीच कृपा. मग निळी पट्टी धरून पान काढलं आणि खड्या आवाजात वाचायला लागला. पोथी मनात वाचून चालत नाही. चालही त्याला येत होती ती एकच, बिरोबाच्या ओवीची.

"का-तडीला लागलं तर व्हऽऽ... भरपूर पान्यानं धुवावं... अंगावरचं कापडं, पायतान काढावं... चोळू नये, मलम लावू नये व्हऽऽ..."

सिक्युरिटीवाल्यांपैकी एकानं सवयीनं हात जोडले.

पल्लवीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पिसाळ बिराप्पाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

"जबरदस्त," तो म्हणत होता. "मॅडम, गेल्या वर्षभरात मी ही ड्रिल किती गाड्यांवर घेतली असेल. ड्रायव्हरला विचारलं की जो तो कागदाकडं धावतो. हात जळतोय आणि हा फाईल शोधतोय! पहिला माणूस बघतोय मी, की ज्यानं आधी पायातलं काढलं, आधी पाणी घेतलं, आणि मग कागद. आणि पाणी कसलं, तर वेगळं ठेवलेलं, स्वच्छ."

"गाळलेलं हाय साहेब," बिराप्पा म्हणाला. "प्यायला देत न्हाई कुनाला."

"ऐका! फक्त ह्यासाठीच राखून ठेवलंय! आणि फाईल उंचावर, समोर दिसेल अशी, शिंतोडे उडणार नाहीत असं कव्हर, लाल, म्हणजे धुरातसुद्धा दिसावं. वाचलं कसं, तर मोठ्यानं, आजूबाजूच्या सगळ्यांना कळावं म्हणून." त्यानं टॅब काखेत मारला. "कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

बिराप्पाला खोटं बोलता येत नसे. "रीतभात अक्कांनी सांगितली, आमच्या मालकाच्या आईनं. पन मूळ ह्या पोरीचं. तिनंच तर आनून दिली. म्हनली, ही पोथी हाय, रोज वाचा."

"पोथी!" पिसाळ त्या शब्दानं हरखून गेला. "काय शब्द शोधलात, मॅडम! आम्ही एमएसडीएस, एमएसडीएस करून मेलो, एकाच्या डोक्यात शिरलं नाही. तुम्ही पोथी म्हणालात आणि काम झालं. हे सगळं ठरवूनच केलंत ना?"

हाच तो क्षण होता. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. साहेब, माझ्या चुलत्यानं हात धुतले ते कॉस्टिकसाठी नाही, सोवळ्यासाठी. लाल कापड होतं म्हणून लाल आहे. आणि पोथी हा शब्द मी त्याचा अपमान करायला वापरला होता. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. दुसऱ्याचं अडाणीपण उघडं करायची एवढी नामी संधी तिनं आजवर कधी सोडली नव्हती. पिसाळचंही नाव यादीत घालायला हरकत नव्हती. टॅब हातात घेऊन फिरणारा हा शिकलेला माणूस, याला भक्ती आणि ट्रेनिंग यांतला फरक कळू नये?

तिनं त्याच्या चकाकणाऱ्या जाकिटाकडं बघितलं.

"हो सर," ती म्हणाली. "ठरवूनच."

गाडी आत गेली. फरशा धुतल्या गेल्या. परतताना खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत बिराप्पा खुशीत गुणगुणत होता. मग त्याला काहीतरी आठवलं.

"पल्ले, एक इचारू का? साहेबानं हात धुतल्याचं एवढं का कौतुक केलं गं? त्येंच्यात धूत न्हाईत व्हय?"

तिच्या तोंडाशी आलेला टोमणा या खेपेला बाहेर पडला नाही. कुणाला मारायचा तेच ठरेना.

"नसतील धूत," ती म्हणाली.

पत्र आलं. नेमणूक झाली. पत्राबरोबर पहिलं कामही आलं: कारखान्यात येणाऱ्या सगळ्या कंत्राटदारांच्या गाड्यांमध्ये 'पोथी पद्धत' लागू करणे, जबाबदारी सेफ्टी असिस्टंटची. खाली पिसाळची सही. वेष्टनं शिवून घ्यायचीही परवानगी मिळाली होती.

पल्लवी साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन अक्काकडं गेली. भर दुपार होती, अक्का ओसरीत गहू निवडत बसली होती. पल्लवीनं सोबत आणलेला लाल कापडाचा तागा बघून तिला आनंद झाला.

"एवढ्या गाड्यांना पोथ्या? चांगले लोक दिसतात शिरवळचे. काय लिहिलंय गं त्यात? बिराप्पा म्हणे रोज वाचतो, पण त्याला सांगता येत नाही."

पल्लवी तिच्यासमोर बसली. "असंच. ह्याला हात लावू नये. त्याचा वास घेऊ नये. दोन्ही एकत्र करू नयेत. लागलं तर पाण्यानं धुवावं."

अक्का विचारात पडली. मग तिनं मान डोलावली. "आमच्या महाराजांचं प्रवचन असंच असतंय. हे करू नये, ते करू नये." तिनं सुई ओवली. "ये, गाठ शिकवते तुला. हात धुतलेस का?"

पल्लवी उठली आणि नळाशी जाऊन हात धुऊन आली.

शिरवळला फाटकाशी आता ती उभी राहते. पांढरं हेल्मेट, चकाकणारं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, सगळं मनासारखं. फक्त काखेत लाल गाठोडी असतात. परवा कराडच्या एका कंत्राटदाराची गाडी आली. तिचा ड्रायव्हर दादासो कॉलेजात जाऊन आलेला, केसांना जेल लावलेला. पल्लवीनं त्याच्या हातात गाठोडं दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं, मागं बसलेल्या पोरांकडं वळला आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून हसला.

"घ्या रं, पोथी आली. वाचा रोज, पुण्य लागंल."

गाडीत हशा पिकला. तो सूर पल्लवीच्या चांगल्याच ओळखीचा होता. कुठं चढायचा, कुठं थांबायचा, तोंड कितपत वाकडं करायचं, सगळं जिथल्या तिथं होतं.

तिनं सीटमागचा पाण्याचा कॅन पुढं ओढला आणि तोटी त्याच्याकडं वळवली.

"चपला काढ," ती म्हणाली. "हात धू. कोपरापर्यंत."